‘कुत्रा चालेल’ म्हणजे नक्की काय चालेल?

डिसेंबरात पणजीला जायचं आणि आमच्या कुत्र्याला, मोतीला, बरोबर न्यायचं, एवढंच मी काल कट्ट्यावर बोललो. चहा यायच्या आत वाद पेटला.

फोंतेन्हासमधलं, म्हणजे पणजीतल्या जुन्या वस्तीतलं, एक पोर्तुगीज काळातलं घर मी बघून ठेवलंय. मनापासून दुरुस्त केलेलं. राहायला खोली आणि सकाळची न्याहारी. आपल्याकडे सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, साधारण तसंच. माहितीत एक ओळ आहे, ‘कुत्रा चालेल’.

‘‘चालेल कसा?’’ मिस्त्री उसळला. जुने वाडे दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेलीत. ‘‘चुन्याचा गिलावा कसा होतो माहितीये का तुला? चुना विझवायचा, भिजत ठेवायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं. अशी भिंत ओल घेते आणि सोडते, म्हणून तर जांभ्याची घरं तिकडच्या पावसात उभी आहेत. तिच्यावर कुत्र्याने तंगडी वर केली की वास आत बसला. वरून सिमेंट थापलंस तर ओल कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो.’’

‘‘पण ती घाणी फिरवायचं कोण?’’ आमचे गुरांचे डॉक्टर म्हणाले. ‘‘बैलच ना? जनावराशिवाय जुनं घर कधी होतं? गोठा, पागा, माजघरात मांजर.’’

‘‘बैल घाणीला होता डॉक्टर, दिवाणखान्यात नव्हता.’’

यावर डॉक्टर गप्प झाले. मला मात्र ते पटलं नाही. माणसं राहतात तेच घर टिकतं. बंद वाड्याची कौलं सरकलेली पहिल्या पावसात कुणाला कळत नाहीत. आणि आमच्या घरातल्या माणसांत मोती येतो. अकरा वर्षांचा आहे तो.

मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘माझी नात कुत्रा दिसला की थरथरते. तशी एखादी पोर तिथे उतरली असली तर? न्याहारीचं टेबल सगळ्यांचं एकच. पदेर, म्हणजे तिकडचा पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत पोईचे पाव घेऊन येणार, तुझा मोती भुंकणार, ती पोर खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. तिनेही पैसे भरलेत ना?’’

हे मात्र खरं आहे. न्याहारीच्या वेळी मोतीला मागच्या अंगणात फिरवून आणीन, म्हणालो. तशा पोरीच्या भीतीला माझं कुत्र्यावरचं प्रेम हे काही उत्तर नाही.

मग मी गेल्या वर्षीचं सांगितलं. किनाऱ्यावरचं एक घर, तिथेही ‘चालेल’ असंच लिहिलेलं. रात्री आठला पोचलो तर म्हणाले, कुत्रा मागे जनरेटरपाशी बांधा. मोती जनरेटरच्या आवाजाने लघवी करून बसला होता, अंग थरथरत होतं. ती रात्र आम्ही दोघांनी गाडीत काढली. मला अजून राग येतो तो नकाराचा नाही. फोनवर ‘नाही’ म्हणाले असते तर दुसरीकडे गेलो असतो. होकार देऊन दारात आल्यावर फिरवला, हे वाईट. आगगाडीत बघा, नियम कडक आहे, पण स्वच्छ आहे: एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या खोक्यात. ते खोकं मला मान्य नाही, म्हणून आम्ही आंबोलीच्या घाटाने गाडीनेच जाणार. पण काय मिळणार ते आधी कळतं तरी.

मिस्त्रीने ग्लास खाली ठेवला. ‘‘राग बरोबर आहे तुझा. पण खरी भीती काय ते सांगतो. तुम्ही मासे खायला बाहेर जाता आणि कुत्रा खोलीत एकटा. परकं घर, तो दार ओरबाडतो. एका वाड्यात मी असं दार पाहिलंय. जुनं सागवान, खालच्या फळीवर वीतभर उंचीपर्यंत चरे, पांढरं लाकूड दिसत होतं. तसली फळी आज आणायची कुठून? रंधा मारला तर कोरलेली कड जाते. आणि खिडक्या? तिकडे काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या असतात, लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या. एक पंजा पुरे.’’

त्या खिडक्यांमधून सकाळी दुधासारखा उजेड येतो. मी ते घर निवडलं तेच त्यासाठी.

‘‘एकटा ठेवणार नाही,’’ मी म्हणालो. ‘‘आम्ही आळीपाळीने जेवू. खोली खालचीच मागतो, वर लाकडी जमीन आहे. त्याची गोधडी नेतो. आणि मालकांना आजच विचारतो, तो आमच्या खोलीत झोपणार आहे, चालेल का?’’

‘‘असं विचारलंस तर माझं काही म्हणणं नाही,’’ मिस्त्री म्हणाला. मास्तरांनी नुसती मान हलवली. डॉक्टरांनी लसीचा कागद आणि गोचिडांचं औषध विसरू नको म्हणून बजावलं.

मोती कट्ट्याखाली पसरला होता. मिस्त्रीने वाकून त्याचा पुढचा पंजा हातात घेतला, गादीवरून अंगठा फिरवला, आणि बाजूचं वळलेलं नख बघून कपाळाला आठी घातली.

‘‘हे लाकडावर ओढलं गेलं तर रेघ पडणार. डॉक्टर, कापता का उद्या?’’

‘‘सकाळी नऊला आण,’’ डॉक्टर म्हणाले.