‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’... आणि पुढचं वचन?

‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ हे येशूचं वाक्य मी आजवर कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी ते म्हणणाऱ्याचा हात खिशाकडे जाता जाता थांबलेला असतो.

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत पुन्हा ऐकलं. विषय एका ताईंचा होता. नवरा दिवाळीआधी गेला. दवाखान्यासाठी फायनान्सवाल्यांकडून पैसे उचललेले, दर बुधवारी हप्ता. मी म्हटलं, दोन-तीन महिने मंडळीने भरावा. त्यावर एक वडीलधारे म्हणाले, "गरिबी काय, राहणारच, शास्त्रातच आहे. आणि देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा बघतो." आमेन झालं. पुढचा विषय साउंड सिस्टिमचा. पाच मिनिटांत मंजूर!

(मंडळीचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.)

येशूचं ते वाक्य बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायाची आठवण करून देणारं आहे. तिथे काय आहे? देशात गरीब कायम असणार, म्हणून तू गरीब भावासाठी आपला हात सैल सोड. आम्ही त्या ‘म्हणून’च्या अलीकडेच पुस्तक मिटतो. गंमत म्हणजे हा अध्याय सुरूच होतो कर्जमाफीने. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं. आणि लिहिणारा माणसं ओळखून होता, कारण तो बजावतो की माफीचं वर्ष जवळ आलंय म्हणून गरजूला उसने द्यायला नकार देऊ नकोस. आमची कमिटी त्याला तेव्हाच दिसली होती की काय कोण जाणे.

आणि परीक्षेचं म्हणाल तर बायबलमधलंच ईयोबाचं पुस्तक घ्या. मुलंबाळं गेली, जनावरं गेली, अंगभर फोडं, आणि हा राखेत बसलेला. तिघे मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसतात. त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. मग तोंड उघडतात आणि पानंच्या पानं समजावत राहतात, की तुझंच काहीतरी चुकलं असेल. ईयोब देवाशी भांडतो, जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, म्हणतो. दुःख का आलं, याचं उत्तर ईयोबाला शेवटपर्यंत मिळत नाही. मलाही मिळालेलं नाही. पण राखेत बसलेल्या माणसाला कारणं सांगत बसणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. ‘इतकं पेरा, देव शंभरपट देईल’वाले सभा-मंडपही त्याच रांगेतले, तिथे गरीब राहिलात तर विश्वास कमी पडला, संपलं.

माझी पणजी केडगावची. दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे. दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली पोर. भुकेच्या वेळी धर्म दिला, हा आक्षेप मी झटकून टाकत नाही; आमचं ख्रिस्तीपण त्या भुकेतूनच आलंय. पण बाईंना भूक ऐकून माहीत नव्हती. त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने काही महिन्यांच्या अंतराने गेले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली झाल्या. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. आणि 1897 मध्ये पुण्यात प्लेग असताना सरकारी व्यवस्थेत बायकांचे हाल कसे होतात, हे मुंबईच्या इंग्रजी पत्रात लिहून थेट सरकारवर बोट ठेवलं. मला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. जेवू घालणारी बाई सगळ्यांना आवडते, हे असं का चाललंय म्हणून विचारणारी आवडत नाही.

कमिटीची पुढची सभा रविवारी, उपासना झाल्यावर. आम्ही नऊ जण आहोत. अनुवाद 15 च्या नऊ झेरॉक्स काढून ठेवल्यात. हप्ता मात्र बुधवारीच होता, तेव्हा तेवढा आम्ही चार बायकांनी मिळून भरला.