अकरावीचे गुण कोण विचारतं?

अकरावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: सायन्सला अकरावीत ६० टक्क्यांच्या खाली आलेल्या मुलाने आयआयटी, एनआयटी, मुंबईच्या व्हीजेटीआय अशा नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजांचा नाद सोडावा. अकरावीचे गुण पुढे धरतात, गेलेला बेस भरून येत नाही. तरी हट्ट असेल तर लगेच कोचिंगसाठी लातूर नाहीतर कोटा गाठा, किंवा बारावीनंतर हवे तेवढे ड्रॉप घ्या, म्हणजे वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्या. मेसेज बिनधास्त पुढे ढकलला जातो आणि मे महिन्यातच मुलाचं मन मोडतं. म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

‘अकरावीचे गुण पुढे धरतात.’ नाही धरत. जेईई ही इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा; तिची रँक तिच्याच गुणांवर लागते. एनआयटी-आयआयटीत जागा घेताना बारावीला ७५ टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ६५. किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलं तरी चालतं. व्हीजेटीआय आणि पुण्याच्या सीओईपीपासून लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठापर्यंत राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा किंवा जेईईचा पर्सेंटाइल चालतो. बारावीच्या पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या वर्गाला ४५ टक्के असले की पात्रता झाली. अकरावीची गुणपत्रिका यात कुठेच येत नाही. अट एवढीच की अकरावी पास व्हायला हवी. विषय राहिला असेल तर कॉलेजच्या पुनर्परीक्षेत काढावा.

ही समजूत आली २०२१ मधून. करोनामुळे त्या वर्षी बारावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल ३०:३०:४० सूत्राने लागला: दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीतल्या मूल्यमापनाचे ४०. त्या बॅचची अकरावी खरोखरच मोजली गेली. पुढच्याच वर्षी परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि सूत्र गेलं. मेसेज मात्र राहिला.

७५ टक्क्यांचा हिशेबही नीट समजून घ्या, कारण तिथे बरेच जण उगाच घाबरतात. आयआयटीसाठी ते पाच विषयांवर काढतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय. म्हणजे ५०० पैकी ३७५. राज्य मंडळाची गुणपत्रिका ६०० ची असते, त्यामुळे तिच्यावरचे टक्के वेगळे दिसू शकतात. इंग्रजीत ५८ आणि मराठीत ८० असतील तर भाषा म्हणून मराठीचे ८० धरले जातात.

‘बेस भरून येत नाही.’ इथे थोडं तथ्य आहे. गुण कोणी विचारत नाही, पण धडे विचारतात. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम पेपरात २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात: प्रत्येक विषयाचे ५० पैकी १०. मॅथ्सचा प्रश्न २ गुणांचा, बाकीचे १ चे, म्हणजे २०० पैकी ४० गुण. त्यासाठीही अख्खी अकरावी लागत नाही, ठरावीकच धडे असतात. जेईईत मात्र जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा.

शिवाय बारावी अकरावीवरच उभी असते. राज्य मंडळाच्या बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. व्हेक्टर आणि गतीचे नियम कच्चे असतील तर गाडी तिथेच अडते. ट्रिगनॉमेट्रीची सूत्रं येत नसतील तर इंटिग्रेशन म्हणजे नुसती घोकंपट्टी. ऑरगॅनिकची मूलतत्त्वं राहिली की हॅलोजन डेरिव्हेटिव्हमधल्या एसएन-१, एसएन-२ या अभिक्रिया डोक्यावरून जातात.

आणि नेमके हेच धडे आपल्याकडे घाईत उरकले जातात. प्रवेशफेऱ्यांत जुलै जातो, मध्येच रेड अलर्टच्या सुट्ट्या, मग गणपती. सेमी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले काही महिने शब्दांशी झटापट करण्यातच जातात. (सीईटीचं मॅथ्स फक्त इंग्रजीत येतं, फिजिक्स-केमिस्ट्री मराठीत घेता येतं.)

परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दहा-बारा आठवडे हातात असतात. त्यात क्रम असा ठेवा: आधी ट्रिगनॉमेट्री, व्हेक्टर आणि मोल संकल्पना, मग गतीचे नियम, सरळरेषा, ऑरगॅनिकची मूलतत्त्वं, शेवटी फंक्शन, लिमिट आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स. घोळ होतो तो क्लासमुळे. क्लासवाले एप्रिलपासून बारावी सुरू करतात आणि अकरावी ‘दिवाळीत बघू’ म्हणून मागे पडते. सकाळचे दोन तास अकरावीलाच द्या, क्लास संध्याकाळी. धडा झाला की मागच्या वर्षांचे ३० प्रश्न घड्याळ लावून सोडवा; १५ च्या वर चुकले तर तो धडा झालेला नाही.

‘लातूर-कोटा गाठा.’ अकरावीनंतर मधूनच गेलेल्या मुलाला तिथे अकरावी कोणी पहिल्यापासून शिकवत बसत नाही. शिवाय नाव इथल्या कॉलेजात ठेवलं असेल तर बारावीची हजेरी आणि ३०-३० गुणांची प्रॅक्टिकल इथेच. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे बोर्डाची बाजू घरी राहूनही सांभाळता येते.

‘हवे तेवढे ड्रॉप घ्या.’ हा तर घातक सल्ला. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणजे आयआयटीसाठी ड्रॉप एकच. जेईई मेनला तीन वर्षं मिळतात. प्रयत्नांची मर्यादा नाही ती मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेला.

मेसेज लागू पडतो तो अमेरिकेत पदवीला जाणाऱ्यांना, पण ते त्यात लिहिलेलंच नाही. तिथली निवडक कॉलेजं नववीपासूनचे गुण मागतात. नेहमीच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि आपला बारावीचा निकाल लागतो मेमध्ये, त्यामुळे त्यांच्यासमोर शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं. नववी घसरलेल्याला थोडी सवलत आहे: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए (गुणांची सरासरी) काढताना नववी धरत नाही. अकरावी घसरली असेल तर कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जातली अडचणी सांगायची २५० शब्दांची जागा वापरा. कारण दोन वाक्यांत, महिन्यासकट लिहा. उरलेल्या जागेत पुढे काय केलं ते. ‘खूप मेहनत घेतली’ याला तिथे किंमत नाही. बारावीच्या पहिल्या सत्रात फिजिक्स ४८ वरून ७४ वर गेलं असेल तर ते आकडे लिहा, आणि तेच प्राचार्यांच्या पत्रातही येतील असं बघा.