न्हाणीतला नमुना

कुठल्याशा सर्व्हरवर सध्या माझी नोंद अशी आहे: वय त्र्याहत्तर, शिक्षण तिसरी, म्हैस एक. मी शेहेचाळीसचा आहे आणि तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. म्हैस शेजारच्या मामाजींची आहे. वय अन् शिक्षणही त्यांचंच. त्या फॉर्मात माझं म्हणावं असं फक्त बीपी आहे.

परवा सकाळी हे झालं. बायको अकोटला भावाकडे गेलेली, मी न्हाणीत. आमचं गाव खारपाणपट्ट्याच्या काठावर, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि एकदा लागलेला साबण अंग सोडत नाही. डोक्याला साबण, डोळे मिटलेले, टॉवेल बाहेर अंगणातल्या दोरीवर. नेमकी तेव्हाच दारात हाक आली, "कुणी आहे का घरात?"

"आहे! थांबा!" मी आतून ओरडलो.

मामाजींचं घर आमच्या घराला लागून. मधे काट्याचं कुंपण होतं, ते त्यांनी दोन हिवाळ्यांत शेकोटीला घातलं. तेव्हापासून आमच्या अंगणात आलेला माणूस हा त्यांच्याकडे आलेला माणूस असतो.

"सर आंगोयीले बसले," मामाजी म्हणाले. "तास जाते त्याहिले. काय पायजे?"

"सर्वेक्षण आहे काका. दर आठवं घर घेतोय, हे घर आलं."

"मंग घ्या ना. मी हावो ना."

"पण घरातल्या माणसाकडूनच माहिती..."

"मले सारं मालूम हाये त्याहिचं. त्याहिले नसन मालूम तेवढं मले हाये."

हे दुर्दैवानं खरं आहे. पोरगा जरा घुटमळला असावा. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. माझी खुर्ची.

"घरात माणसं किती?"

"तशी दोन. सणावाराले अकरा होतात. अकरा लेहा."

"कुटुंबप्रमुखाचं वय?"

"प्रमुख म्हंजे मोठा ना? मंग मीच झालो. त्र्याहत्तर."

"शिक्षण?"

"तिसरी. चौथीत गेलो असतो, पन शायेचं छप्पर उडालं थ्या साली."

मी दारावर मूठ आपटली. आमच्या न्हाणीचं दार टिनाचं आहे, आपटलं की गल्लीभर आवाज जातो. पोरगा दचकला. "आत कोणी आहे का?"

"वारा हाये," मामाजी म्हणाले. "पुढचं इचारा."

"महिन्याचं उत्पन्न?"

इथे मामाजींनी आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज ग्रामपंचायतीपर्यंत जातो. "हे कायच्यासाठी लेहून रायले तुम्ही? रेशन कार्डाचं काही हाये का यात?"

"नाही काका, हे नुसतं अभ्यासासाठी."

"सारे असंच म्हंतात. पाच हजार लेहा."

"तंबाखू, खर्रा, गुटखा?"

थोडा वेळ शांतता. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायला लागतो तेवढा वेळ. मग जड जिभेनं, ठामपणे: "न्हाई. या गल्लीत कोनी खात न्हाई."

"कोणता जुना आजार?"

"बीपी. थे मले नाही, सराले."

पोरानं ते लिहून घेतलं. म्हणजे मी या कुटुंबात उरलो तो एवढाच, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला जोडलेला रक्तदाब म्हणून.

"आता शेवटचा प्रश्न. आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

"पाचच्या वरतं नाही का?"

मी डोळ्यांची आग सोसत, ओला लेंगा कसाबसा चढवून बाहेर आलो, तेव्हा पोरगा माझ्या दारात मामाजींचा फोटो काढत होता. जीपीएस माझ्या घराचं. मी म्हटलं, अरे बाबा, हे घर माझं आहे. तो नम्रपणे म्हणाला, "सर, फॉर्म सबमिट झाला. आता एडिट होत नाही." उत्तर देणाऱ्याला द्यायचा स्टीलचा डबा त्यानं मामाजींच्या हाती ठेवला आणि गाडीला किक मारली. दिवसाला फॉर्म ठरलेले असतात त्यांना. तो तरी काय करणार, असं मी दिवसभर स्वतःला समजावत होतो. पटलं नाही.

माझा राग मामाजींवर कमी आहे. मी वर्गात ज्याला स्वयंनिवडीचा दोष म्हणतो, तो आमच्याकडे दुपट्टा खांद्यावर टाकून फिरतो, एवढंच. ज्याला बोलायची हौस असते तो आपणहून नमुन्यात शिरतो, आणि ज्याचं मत हवं असतं तो न्हाणीत असतो. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या एका साप्ताहिकानं टेलिफोनच्या याद्या, मोटारींच्या नोंदी वगैरे धुंडाळून, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कुणाला मत देणार हे विचारायला सुमारे एक कोटी लोकांना नमुन्याच्या मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढ्या ढिगावर बसून त्यांनी छातीठोक सांगितलं, लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन अन् मोटार नव्हती ते यादीत फारसे नव्हतेच, आणि यादीतल्यांपैकी चिठ्ठी परत धाडली ती ज्यांना तावातावानं काही सांगायचं होतं त्यांनी. तेवीस लाख मामाजी. नमुना मोठा केला की खोट धुऊन निघते असं माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी वाटतं. खोट तशीच राहते, फक्त ती आता लाखात बोलते.

'दर आठवं घर' या पद्धतीबद्दलही मला बोलायचं आहे, कारण त्या पोराला बोलायला मिळालं नाही. पहिलं घर चिठ्ठीनं काढायचं आणि मग ठरावीक अंतरानं पुढं जायचं, ही पद्धत चांगली आहे, स्वस्त आहे, पायांना झेपते. पण गावाच्या रचनेतच तेवढ्या अंतरानं काही परत परत येत असेल तर ती फसते. आमच्या वस्तीत घरकुलांच्या ओळी आहेत, एका ओळीत आठ घरं. पहिलं घर कोपऱ्याचं आलं की पुढचं प्रत्येक घर कोपऱ्याचं. आणि कोपऱ्यावर कोण राहतं? ज्यानं पुढच्या खोलीत किराणा टाकला तो, पिठाची चक्कीवाला, मोबाइल रिचार्जवाला. अहवाल वाचणाऱ्याला वाटेल, या गावात शेती करतं कोण, सगळे व्यापारीच आहेत. माझं घरही कोपऱ्याचंच. दुकान मात्र नाही, हे फॉर्मात आलं असेल अशी आशा आहे. मामाजींचा भरवसा नाही.

आपल्याकडच्या नमुना पाहणीचा पाया घालणारे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांना हे सगळं माहीत होतं. १९३० च्या दशकात बंगालात तागाच्या पिकाचा अंदाज काढताना ते एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं धाडत, दोघांचे नमुने वेगळे, आणि आकडे समोरासमोर ठेवत. दोन्हींत फार अंतर पडलं तर पिकाला दोष द्यायच्या आधी मोजणाऱ्याकडे बघायचं. माणसावर विश्वास ठेवणारी पद्धत त्यांनी बनवलीच नाही, म्हणून ती टिकली. २९ जूनला, त्यांच्या जन्मदिनी, सांख्यिकी दिन असतो. आमच्या कॉलेजात त्या दिवशी फोटोला हार, माझं भाषण आणि सक्तीनं बसवलेले श्रोते असतात. आमच्या गल्लीत दुसरं पथक आलं असतं तर त्यांना बहुधा पलीकडच्या काकू भेटल्या असत्या, आणि माझ्या नावावर शेळ्या चढल्या असत्या. पण निदान कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

हे हसून सोडून देता आलं असतं. पण हाच प्रकार मी गेल्या हंगामात वावरात पाहिला आहे, आणि तिथं पैसे होते.

गावात पीक किती आलं हे मोजायचा पीक कापणी प्रयोग कसा होतो ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गावातले सर्व्हे नंबर यादृच्छिक पद्धतीनं निघतात, म्हणजे कुणाच्या मर्जीनं नाही. मग त्या वावराच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्याइतकी पावलं लांबीला, तशीच दुसऱ्या आकड्याइतकी रुंदीला. तिथं खुंटी ठोकायची, दोरी ताणून चौकोन आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. यात एकाही ठिकाणी माणसाच्या 'मला वाटतं'ला जागा नाही, आणि हीच त्यातली अक्कल. ही अक्कल आमच्याच मातीत तपासली गेलेली आहे. १९४२-४३ च्या हंगामात संख्याशास्त्रज्ञ पानसे यांनी कपाशीवर असा नमुना पाहणीचा प्रयोग केला तो अकोला जिल्ह्यात. त्याच सुमारास दुसरे संख्याशास्त्रज्ञ, साताऱ्याकडचे सुखात्मे, गव्हावर दाखवत होते की चौकोन फार लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं. कारण दोरीखाली येणारं झाड आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना मोजणाऱ्याचा हात नकळत उदार होतो. चौकोन लहान तर काठ जास्त, काठ जास्त तर औदार्य जास्त.

मला नेहमी वाटतं की अख्ख्या विषयाचा जीव या काठावरच्या झाडात आहे. वर बसून निवड कितीही निर्मळ करा, घाण होते ती शेवटच्या वीस पावलांत. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईसाठी कुणाला आधी न्यायचं हे चिठ्ठ्यांनी ठरवलं. जन्मतारखेच्या ३६६ डब्या, मोठं काचेचं भांडं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. पण डब्या महिन्यांच्या क्रमानं ओतल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. वरच राहिलेल्या डिसेंबरच्या पोरांचे नंबर भराभर निघाले. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते तेव्हा चिठ्ठी काढायला लहान लेकरू उभं करतात आणि सगळे त्या लेकराच्या हाताकडे बघतात. मी बरणीकडे बघतो. मला त्याबद्दल गावात विक्षिप्त समजतात.

तर गेल्या हंगामात सोयाबीनचा प्रयोग. नंबर निघाला तो पांदण रस्त्याच्या आतलं वावर. रात्री पाऊस झालेला, काळी माती, चिखल गुडघाभर. गाडी पांदणीच्या तोंडाशी थांबली. साहेबांनी बुटांकडे पाहिलं, मग पांदणीकडे पाहिलं. "याच्या लागूनचं घेऊ की," ते म्हणाले, "माती तर सारखीच आहे." लागूनचं म्हणजे डांबरी रस्त्याकडेचं. त्या वावराला शेततळं आहे. खारपाणपट्ट्यात शेततळं असणं म्हणजे काय, हे पाणी न उतरलेल्या घशाला विचारा. आतल्या वावरात शेंगा पिवळ्या पडलेल्या, कडेच्या वावरात चौकोन गच्च भरलेला. तोलताना मी म्हटलं, साहेब, नंबर दुसरा होता. ते म्हणाले, "सर, प्रॅक्टिकल व्हा."

२०२५ च्या खरिपात आमच्या राज्यात पीक विम्याची भरपाई ठरवताना या प्रयोगांचे आकडे धरले गेले. महसूल मंडळाची, म्हणजे आसपासच्या काही गावांची मिळून, सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच पैसा. हे उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ठरतं. शेततळ्याचं वावर त्यात शिरलं की आतल्या दहा घरांचं पीक कागदावर बरं होतं. बूट तेवढे कोरडे राहिले. विमा आला नाही त्यांना कुणी विचारायलाही आलं नाही की तुम्ही किती समाधानी, एक ते पाच.

असो. बीपीचं खरंच बघायला हवं.

काल संध्याकाळी त्या सर्वेक्षणाची पडताळणी झाली. म्हणजे अशी व्यवस्था असते, आणि तिचं मला आत्तापर्यंत कौतुक होतं. भरलेल्या फॉर्मांतले काही निवडून वरच्या कचेरीतून फोन करतात आणि खातरजमा करतात. फोन गेला फॉर्मातल्या नंबरावर. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मामाजींनी फोन स्पीकरवर टाकून, हात लांब करून, आरशात बघावं तसा तोंडासमोर धरला.

"आपण कुटुंबप्रमुख बोलताय का?" बाईंचा आवाज गोड होता.

"हाव जी. मीच."

"आमचा प्रतिनिधी प्रत्यक्ष घरी आला होता का?"

"आला होता. चांगला पोरगा हाये. डबा दिला."

"सगळे प्रश्न आपल्यालाच विचारले?"

"मलेच. दुसरं कोन सांगन?"

"धन्यवाद काका. फक्त एक माहिती राहिली आहे. घरात एकूण खोल्या किती?"

मामाजींनी फोनवर पंजा झाकला आणि माझ्याकडे वळले. "सर, आपल्या घरात खोल्या किती हायेत?"

"तीन," मी म्हणालो.

"चार लेहा," मामाजींनी फोनमधे सांगितलं.