"पावसाळ्याआधी झाडं अर्धी कापा" या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मे महिना लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदाही आलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पावसाळ्याआधी आवारातली मोठी झाडं वरून अर्धी कापून घ्या म्हणजे वादळात पडत नाहीत, आपल्या कंपाऊंडच्या आतल्या झाडाला परवानगी लागत नाही, एक्स्पर्ट बोलावून पैसे घालवू नका, कोयता-करवतवाला कोणीही हे काम करतो, लाकूड त्यालाच द्या म्हणजे काम फुकटात होतं, आणि कापल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासा म्हणजे झाड सडत नाही. खाली "जनहितार्थ पुढे पाठवा".

पुढे पाठवणारे सगळे चांगल्या मनाने पाठवतात, त्यांच्यावर राग नाही. पण ह्यातली जवळजवळ सगळी वाक्यं चुकीची आहेत आणि एक-दोन तर जीवावर बेतणारी आहेत, म्हणून एकेक घेते. लांबलंय, पण कमिटीवर असाल तर पूर्ण वाचा प्लीज.

पहिला मुद्दा, "अर्धं कापलं की पडत नाही". हे सगळ्यात जास्त लोकांना पटतं कारण डोळ्याला तसं दिसतं, झाड बुटकं झालं म्हणजे सेफ झालं. वजन कमी होतं हे खरं, वाराही कमी लागतो, पण ते थोडेच दिवस. झाडाचं अन्न पानात तयार होतं, तुम्ही सगळा पाला एका दिवसात उतरवलात की झाड घाबरंघुबरं होऊन साठवलेलं सगळं खर्च करून कापाच्या खालून धुमारे काढतं, एकेका ठुटावर दहा-पंधरा, आणि ते सरळसोट वर पळतात. दोन-तीन पावसाळ्यांत झाड पुन्हा तेवढंच उंच. फरक असा की मूळची फांदी वर्षानुवर्षं बुंध्याच्या लाकडात गुंतत वाढलेली असते, तिची पकड आतपर्यंत असते, आणि हे धुमारे नुसते वरच्या थराला धरून असतात. त्यात ज्या ठुटावर ते उभे असतात ते ठूट मधून कुजत जातं. म्हणजे वरचं वजन वाढतंय आणि खालचा आधार खंगतोय.

आमच्या गेटजवळच्या गुलमोहराचं हेच झालं. एका ठेकेदाराने तो वरून सपाट केला होता, नंतरच्या एका जूनमध्ये मांडीएवढा जाड धुमारा पार्किंगमध्ये आला, नशिबाने खाली कोणी नव्हतं. मी तो जवळ जाऊन बघितला. फांदी मधून मोडलीच नव्हती, ती अख्खीच्या अख्खी सांध्यातून सोलून निघाली होती, टोकाला सालीची पट्टी लोंबत होती आणि वर झाडावर जुन्या कापाच्या जागी तपकिरी ओला भुसा, बोट घातलं तर आत जात होतं. गुलमोहराचं लाकूड मुळात ठिसूळ, सोनमोहराचंही फार वेगळं नाही, ह्या झाडांना असं बोडकं करणं म्हणजे दोन वर्षांनंतरच्या अपघाताची तयारी. अमेरिकेचं एएनएसआय ए-३०० आणि ब्रिटनचं बीएस ३९९८ ही झाडांच्या कामाची स्टँडर्ड्स आहेत, दोन्हीकडे असं शेंड्यावरून सपाट कापणं चुकीचं धरलं जातं. एका वेळी साधारण पाव हिस्स्यापेक्षा जास्त हिरवा पाला काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आणि नारळ, ताड, सुपारी ह्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंडा उडवला की माड मेला, त्याला धुमारे बिमारे काही फुटत नाहीत.

मग झाडं पडतात कशाने? आपल्या शहरांत उन्मळून पडलेलं झाड बघा कधीतरी, मुळांचा गोळा बघा. एका बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली असतात, कारण तिथून ड्रेनेज नाहीतर केबलची चर गेलेली असते, आणि वरून पेव्हर ब्लॉक नाहीतर काँक्रीट बुंध्याला चिकटवलेलं. पाणी आत जात नाही, हवा जात नाही, मुळं कुजतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या आवारात किती झाडांना तेवढी मोकळी माती आहे ते आज खाली उतरून बघा. फांद्या कापून मुळं परत येत नाहीत. मेसेजमध्ये मुळांबद्दल एक शब्द नाही ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा, "आपल्या आवारात परवानगी लागत नाही". लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालापासून आहे, आणि त्यात जागा तुमची की पालिकेची असा भेद नाही. शिवाय "झाड तोडणे" ह्याच्या व्याख्येत नुसतं बुंध्यातून पाडणं नाही, जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही येतं. दंड आहेच, कैदेचीही तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या आणि त्यापुढच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटलंय, जुन्या सोसायट्यांमधले वड, पिंपळ, आंबे, चिंचा ह्यात सहज बसतात. फांद्या छाटायच्या तरी वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे अर्ज करा, फोटो जोडा, त्यांचा माणूस येऊन बघून जातो. आणि हो, चौकशी आली तर करवतवाला सापडत नाही, अर्जावर नाव असायला हवं होतं ते सेक्रेटरी सापडतात.

लोक चिडून म्हणतात की अर्ज केला तरी पालिका वेळेवर येत नाही, वरवर बघून "झाड ठीक आहे" म्हणून जाते. ह्या चिडण्यात तथ्य आहे. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला माड पडून एका महिलेचा जीव गेला, तेव्हा रहिवाशांनी आधीच तक्रार केली होती अशा बातम्या होत्या. पण त्यावर उपाय गुपचूप कापणं हा नाही. त्यावर उपाय असा की अर्जासोबत जाणकार माणसाचा लेखी रिपोर्ट जोडा, कुठलं झाड, कुठे पोकळ, काय धोका, काय काम सुचवलंय, फोटोसकट. नुसतं "झाड धोकादायक आहे" लिहिलेल्या अर्जापेक्षा असा कागद बाजूला सारणं अवघड जातं, आणि उद्या दुर्दैवाने काही झालंच तर तुम्ही वेळेत सांगितलं होतं ह्याचा पुरावा राहतो. झाड आत्ता ह्या क्षणी कललंय, जमीन फाटलीय असं असेल तर मात्र अर्ज लिहीत बसू नका, सरळ अग्निशमन दलाला फोन करा.

आता तिसरा, माझ्या मते खरा मुद्दा. "कोणीही करतो, लाकूड द्या, काम फुकट." विचार करा, ज्याची कमाई लाकडाच्या वजनावर आहे तो माणूस काय कापेल? वाळकी काटकी? नाही, तो जाड, निरोगी, सरळ फांदी कापणार, कारण टेम्पो त्याने भरतो. वाळलेली, पोखरलेली फांदी, जी खरंच कोणाच्या डोक्यात पडणार आहे, ती वर तशीच राहते कारण तिथे चढणं धोक्याचं आणि त्यात पैसे नाहीत. फुकटच्या छाटणीनंतर आपल्या झाडाकडे मान वर करून बघा, हेच दिसेल. पेशंट किती कापला त्यावर ज्याचं उत्पन्न ठरतं अशा सर्जनकडे तुम्ही जाल का?

आणि चढणाऱ्या माणसाचं काय? कमरेला साधा दोर, पायात चप्पल, हातात चेनसॉ, खाली त्याचा पोरगा फांदी ओढायला उभा, बाजूने विजेची तार. तार असेल तर आधी वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्यायची असते, किती जण करतात? तो वरून पडला तर ना त्याचा विमा, ना कुठला कागद, आणि निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात काम देणारी कमिटीही अडकू शकते. कायदा बाजूला ठेवा, पाच-दहा हजार वाचवायला आपण एका गरीब माणसाचा जीव टांगतोय हे मला सहन होत नाही.

इथे एक स्पष्ट करते, कोकणातले माडावर चढणारे पाडेकरी किंवा गोव्यातले पाडेली ह्यांच्या कसबाबद्दल मला प्रचंड आदर आहे, तसं चढणं भल्याभल्यांना जमणार नाही. पण नारळ उतरवणं हे एक काम आणि साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षाची कुठली फांदी किती ठेवायची हे ठरवणं दुसरं काम.

डांबराचा मुद्दा पटकन. अमेरिकन वनखात्यातले ॲलेक्स शिगो ह्यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालून त्याला कोंडतं. ही मांडणी त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. भिंत नीट घातली जाते ती कापाची जागा बरोबर असेल तर, म्हणजे फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे थोडा फुगीर कॉलर असतो त्याच्या लगेच बाहेर, बुंध्याला घासूनही नाही आणि हातभर ठूट ठेवूनही नाही. कापच चुकला तर वरून कितीही पेंट फासा, उलट आत ओल कोंडते. आंबा-बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात ते बुरशीनाशक आहे, त्याचा डांबराशी संबंध नाही. आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागते म्हणून तिथे ताज्या जखमेकडे लक्ष ठेवणं बरोबरच आहे.

अजून एक, मेसेजमध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकून घ्या म्हटलंय. तेव्हा कावळ्यांची घरटी असतात आणि पाठोपाठ बगळे, पाणकावळे मोठ्या झाडांवर वसाहती करतात. घरटं आणि अंडी असलेली फांदी पाडणं क्रूर तर आहेच, वन्यजीव कायद्यातही अडकवणारं आहे.

मग बोलवायचं कोणाला? आपल्याकडे ह्या धंद्याला सक्तीची परीक्षा नाही, त्यामुळे कार्डावर "ट्री एक्स्पर्ट" कोणीही छापू शकतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था, तिचं सर्टिफिकेट असलेले लोक भारतात थोडे आहेत पण आहेत, त्याला अनुभव आणि परीक्षा दोन्ही लागतं, दर तीन वर्षांनी ते टिकवावं लागतं, आणि नंबर मागून त्यांच्या साइटवर तपासता येतो. तसा कोणी मिळाला नाही तर वनस्पतीशास्त्राचे जाणकार, पालिकेतून निवृत्त झालेले उद्यान अधिकारी, ह्यांच्याकडून निदान तपासणी तरी करून घ्या आणि कापणाऱ्याला त्यांच्या देखरेखीखाली लावा. तपासणी करणारा आणि लाकूड नेणारा एकच नको.

बोलताना त्याला विचारा, "किती कापणार?" "वरून सगळं घेतो साहेब" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. चांगला माणूस आधी बुंध्याभोवती फिरतो, मातीशी बघतो, अळंबी आलीय का, ढोली आहे का, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, बेचक्यात चीर आहे का बघतो, आणि बऱ्याचदा "ह्या झाडाला काही करायची गरज नाही" असं सांगून स्वतःचंच काम कमी करतो. जाड फांदी कशी उतरवणार तेही विचारा. आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप, फांदी दोराने खाली, आणि शेवटी कॉलरपाशी तिसरा काप, असं त्याने न अडखळता सांगायला हवं, कारण एकाच कापात पाडली तर फांदी बुंध्याची साल सोलत खाली येते. बुटाला खिळे लावून जिवंत झाडावर चढणारा नको, प्रत्येक खिळा एक जखम. त्याने पूर्वी छाटलेलं झाड दाखवायला सांगा, पण कालचं नको, दोन पावसाळे काढलेलं दाखव म्हणावं.

कोटेशन झाडनिहाय मागा: झाड कुठलं, कुठली फांदी, कुठपर्यंत, हेल्मेट-हार्नेस-विमा कोणाचा, परवानगीची प्रत कोणाकडे, लाकडाचं काय. मजुरीचे पैसे वेगळे द्या आणि लाकूड सोसायटीचं राहील असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. आणि हे सगळं मे महिन्यात सुरू करू नका, तेव्हा उद्यान विभागाकडे अर्जांचा ढीग असतो आणि चांगली माणसं बुक असतात. दिवाळीनंतर तपासणी, डिसेंबरपर्यंत अर्ज, म्हणजे काम उन्हाळ्याआधी होतं. यंदा उशीर झालाच आहे, तर ह्या आठवड्यात फक्त वाळक्या आणि लटकणाऱ्या फांद्यांसाठी अर्ज टाका आणि बुंध्यापाशी चिकटलेले पेव्हर ब्लॉक काढून घ्या, मात्र मुळांना धक्का न लावता हाताने.