हॅटट्रिकला षटकाचा धुरा नसतो
पऱ्हाटी उपटून मोकळ्या केलेल्या वावरात यंदाही टेनिस बॉलचे खुले सामने झाले आणि त्यात माझ्या पुतण्याने एका षटकाच्या शेवटच्या व आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्या दोन चेंडूंवर ओळीने तीन गडी बाद केले. तरीही हॅटट्रिकचे ५०१ रुपये त्याला नाकारले गेले, कारण आयोजकांनी मोबाइलवर फिरत आलेला एक संदेश पुढे केला. त्यानुसार एका जादूगाराने इंग्लंडच्या राणीपुढे टोपीतून तीन ससे काढले म्हणून हा शब्द आला, ती करामत एका दमात झाली म्हणून तिन्ही बळी एकाच षटकात हवेत आणि धावबादही त्यात धरतात.

ससे कुणी घातले, देव जाणे. टोपी मात्र खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. १८५८ साली शेफिल्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन यांनी सलग तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी भेट देण्यात आली, असा या शब्दाचा सर्वत्र मानला जाणारा उगम आहे.

खरा अन्याय केला तो 'एकाच षटकात' या अटीने. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, त्या डिसेंबर २०१७ मध्ये इंदुरात सुरू झालेल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दिल्लीच्या विकास मिश्रा व नवदीप सैनी यांचा आणि आपल्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर १४५ धावा काढलेल्या ध्रुव शोरेचा त्रिफळा उडवला. त्या विजयावर ज्यांनी गावात फटाके फोडले, तेच आज हा नियम सांगतात! नागपूरजवळच्या जामठ्यात १० नोव्हेंबर २०१९ रोजी दीपक चहरची बांगलादेशविरुद्धची हॅटट्रिक तर हुबेहूब माझ्या पुतण्यासारखी, आधी षटकाचा शेवटचा चेंडू आणि मग पुढच्या षटकाचे पहिले दोन, अशी होती. ऑस्ट्रेलियाच्या मर्व्ह ह्यूजने १९८८ साली पर्थला ती तीन षटकांत आणि दोन डावांत मिळून पूर्ण केली. मोजायचे असतात ते त्या गोलंदाजाचे लागोपाठचे चेंडू. मध्ये दुसऱ्याने षटक टाकले म्हणून त्यांची ओळ तुटत नाही. चेतन शर्माने १९८७ च्या विश्वचषकात नागपुरातच एका षटकात तिघांचे त्रिफळे उडवले, हे लोकांच्या लक्षात राहिले, पण म्हणून तो नियम ठरत नाही.

धावबादाचे श्रेय गोलंदाजाच्या खात्यावर जातच नाही, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपतो.

आमच्या सामन्याच्या गुणवहीत पुतण्याच्या नावापुढे ते तीन बळी ओळीने नोंदलेले आहेत आणि ५०१ रुपये अजून आयोजकांकडेच आहेत.