पीळ दिलाय तो उगाच नाही

ग्रीनलँडमधल्या इलुलिसाट आइसफ्योर्ड सेंटरच्या (हिमनगांनी भरलेल्या खाडीजवळचं अभ्यागत-केंद्र) इमारतीवरचा तुमचा लेख आवडला, फोटो तर अप्रतिमच. पण वाऱ्या-बर्फाचा मुद्दा दोन ओळींत उरकलात, आणि खरी गंमत तिथेच आहे! डॅनिश वास्तुविशारद डोर्टे मांड्रुप यांनी इमारतीला पीळ दिलाय तो नुसता दिसायला छान म्हणून नव्हे. मधला भाग खडकापासून उचललेला असल्याने वितळलेलं पाणी खालून निघून जातं आणि बर्फाचे ढीग भिंतीशी साचत नाहीत. टोकांकडे छप्पर खाली उतरतं, लोक त्यावरूनच चालत वर जातात.

लेखाला एक दुरुस्ती: तिथून सर्मेक कुजालेक हिमनदी दिसत नाही, ती बरीच आत आहे. दिसतात ते तिने सोडलेले हिमनग. तिची तरंगती जीभ, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पुढचा भाग, 2003 पर्यंत तुटून गेली, आणि 2012 च्या उन्हाळ्यात हिमनदी दिवसाला 40 मीटरहून जास्त सरकत होती.

अंटार्क्टिकातलं ब्रिटिशांचं हॅली 6 संशोधन केंद्रही लेखात हवं होतं. तेही बर्फापासून उंच, पायांवर उभं, पण पायांखाली चक्क स्की! बर्फातली भेग वाढू लागल्यावर 2017 मध्ये ट्रॅक्टरने ओढत 23 किलोमीटर हलवलं. त्यावर दुसरा भाग येऊ द्या की.