तो हात विसरू नका

'द एंड ऑफ इव्हँजेलियन' (१९९७) या जपानी अ‍ॅनिमेशनपटाच्या शेवटी आसुका ही मुलगी त्याचा किशोरवयीन नायक शिंजी याला झिडकारते, असं एका लेखात म्हटलंय; ते मला पटलं नाही. लाल समुद्राच्या काठावर तो तिचा गळा आवळतोय आणि ती प्रतिकार करत नाही. बँडेज गुंडाळलेला हात उचलून ती हलकेच त्याच्या गालावरून फिरवते. तिथेच त्याची पकड सुटते, तो हुंदके देऊ लागतो.

याच चित्रपटात आधी स्वयंपाकघरातला प्रसंग आहे. कॉफी जमिनीवर सांडलेली, तो मदतीची भीक मागतोय, ती 'नाही' म्हणते आणि तो तिचा गळा धरतो. तिथे तिचा हात असा पुढे आला नव्हता. मला तर सगळा फरक तिथेच दिसतो.

राहिलं तिचं शेवटचं वाक्य, 'किमोची वारुई'. जपानीत त्याचा अर्थ 'किळस येते' असाही होतो आणि 'मला कसंतरी होतंय' असाही. अंगावर कोणी रडत असताना हे दोन्ही एकदम वाटू शकतं. आसुका गोड बोलणारी कधीच नव्हती हो! तिने शिंजीला माफ केलंय असं मी म्हणत नाही, गळा आवळणाऱ्याला का करावं? पण चित्रपटात सगळी माणसं विरघळून एकजीव झालेली असतात, त्या जगातून ती परत आली, स्वतंत्र शरीरात, स्वतःच्या किळसेसकट. तो गालावरचा हात आठवला की आजही माझ्या घशात आवंढा येतो.